केस पेपरवरचं एक वाक्य

‘बाथरूममध्ये पाय घसरला.’ रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत हे वाक्य मी किती केस पेपरांवर लिहिलं, त्याची मोजदाद नाही. पहिली काही वर्षं तर जे सांगितलं जाई, तेच उतरवून घेत होते.

एका रात्री एक बाई डावा हात सावरत आली. पाय घसरल्याचं सांगितलं ते सासूबाईंनी. ती खाली मान घालून बसलेली. एक्स-रेत करंगळीच्या बाजूचं हाड मनगट आणि कोपराच्या मध्ये मोडलेलं दिसलं. पडणारा माणूस हात टेकतो, त्यामुळे तळव्याला, मनगटाला, गुडघ्याला लागतं. ते एकच हाड असं मधोमध मोडतं, ते बहुतेकदा डोक्यावर येणारा फटका हातावर झेलताना. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. तरी प्लास्टर घातलं आणि तिला घरी पाठवलं. सात महिन्यांनी ती पुन्हा आली, तेव्हा पोटातलं पाच महिन्यांचं बाळ गेलं होतं. या वेळी तिने स्वतःच सांगितलं, लाथ बसली म्हणून. त्या पहिल्या रात्री मी तिला काहीच विचारलं नव्हतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात हे प्रमाण २५ टक्के, म्हणजे चौघींत एक. देशभरात हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांपैकी मदत मागणाऱ्या जेमतेम १४ टक्के, आणि त्यांतल्या बहुतेकींनी ती मागितली माहेरी.

उरलेल्या आमच्याकडे येतात, पण वेगळी तक्रार घेऊन. डोकं दुखतं, झोप लागत नाही, अंगात त्राण नाही. त्यांना ताकदीच्या गोळ्या मिळतात. गळा दाबलेल्या बाईच्या मानेवर कित्येकदा वळही नसतो. आवाज बसलेला असतो, गिळताना दुखतं. अशा वेळी जिवाला धोका असतो.

वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. त्यामागचा विचार साधा होता: पोलीस चौकीची पायरी न चढणारी बाई दवाखान्यात मात्र येते. २००६ च्या ऑक्टोबरात कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा लागू झाला. शिवीगाळ आणि पैशांची अडवणूकही त्यात हिंसाच ठरली, आणि राहत्या घरात राहण्याचा हक्क बाईला मिळाला.

आता मी आधी सोबतच्यांना बाहेर बसवते, पडदा ओढते आणि सरळ विचारते, ‘‘घरी कुणी हात उचलतं का?’’ बऱ्याच जणी पहिल्यांदा नाहीच म्हणतात. ज्या सांगतात, त्यांचे शब्द मी जसेच्या तसे लिहिते; जखम कुठे, केवढी, किती दिवसांची, तेही. पुढे कोर्टात हाच कागद तिच्या बाजूने उभा राहतो.

पण डॉक्टरच्या आधी ती माहेरी सांगते, आणि तिथे ‘घरोघरी मातीच्या चुली’ ऐकून परत जाते. म्हणून एक मागणं आहे. या भाऊबीजेला बहीण ओवाळायला आली, की तिला घटकाभर एकटीला बसवून विचारा. ती बोलली, तर ‘सोसून घे’ म्हणू नका. तिच्यासाठी खोली मोकळी करा, आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक तिला पाठ करायला सांगा.