सगरमाथ्याच्या वाटेवर निघण्यापूर्वी

हिमालयाचे दर्शन जन्मात एकदा तरी घडावे, ही इच्छा आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. आजोबा-आजींच्या काळी ती बदरी-केदारच्या यात्रेने पुरी होई. आज आपल्यापैकी अनेकांची दृष्टी त्याहून पूर्वेकडे वळते. तेथे जगातील सर्वांत उंच शिखर उभे आहे. नेपाळी लोक त्याला सगरमाथा म्हणतात, शेर्पा व तिबेटी लोक चोमोलुंग्मा म्हणतात आणि आपण शाळेत शिकलो ते एव्हरेस्ट. त्याची उंची 8,848.86 मीटर असल्याचे नेपाळ व चीन यांनी 2020 साली संयुक्तपणे जाहीर केले. त्या शिखरावर चढणे हे आपणा सामान्यांचे काम नव्हे. परंतु त्याच्या पायथ्यापर्यंतची वाट धडधाकट माणसास चालता येते. त्या वाटेची तयारी कशी करावी, हे आज आपणांस सांगावयाचे आहे.

ही वाट नेपाळच्या खुंबू प्रदेशातून जाते. तिचा आरंभ होतो लुक्ला या गावी. 29 मे 1953 रोजी तेनसिंग नोर्गे यांच्यासह शिखरावर पाऊल ठेवणाऱ्या एडमंड हिलरींनी 1964 साली शेर्पा लोकांच्या साहाय्याने येथील धावपट्टी तयार करविली. तेथून पुढे मोटार नाही; आपले पाय आणि पाठीवर ओझे वाहणारी माणसे व जनावरे, एवढेच वाहन. मात्र गावोगावी लहानमोठे लॉज आहेत. दिवसभर चालावे, सायंकाळी लॉजमध्ये उतरावे, गरम वरणभात जेवावा आणि पहाटे पुन्हा निघावे. तंबू नको, शिधा नको.

वाचकहो, हीच या वाटेची सोय आणि हाच तिचा धोका! दोन-तीन तासांवर पुढचे छप्पर दिसत असले, की माणसास वाटते, अजून ऊन आहे, पायांत बळ आहे, मग येथे का थांबावे? परंतु हिमालयात बळ पायांचे मोजावयाचे नसते, श्वासाचे मोजावयाचे असते. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई 1,646 मीटर उंच आहे. खुंबूतील नामचे बाजार हे गावच 3,440 मीटरांवर वसलेले आहे. 5,364 मीटरांवरील तळछावणीत पोहोचेपर्यंत हवेतून मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने निम्म्यावर येतो. शरीर याला सरावते, पण त्यासाठी त्याला दिवस द्यावे लागतात.

म्हणून तयारीचा आरंभ बुटांपासून नव्हे, दिनदर्शिकेपासून करा. 3,000 मीटरांच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची साधारण 500 मीटरांहून अधिक वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर एक रात्र जास्त काढावी, असा जाणत्यांचा नियम आहे. त्यानुसार लुक्लाहून पहिला मुक्काम फाकदिंग येथे, 2,610 मीटरांवर. मग नामचे येथे दोन रात्री. पुढे तेंगबोचे, 3,860 मीटर. त्यानंतर दिंगबोचे, 4,410 मीटर, तेथेही दोन रात्री. मग लोबुचे आणि शेवटी गोरक्षेप. विश्रांतीच्या दिवशी लोळत पडावयाचे नसते. जवळच्या टेकाडावर चढून जावे आणि झोपावयास खाली यावे. चढावे उंच, निजावे खाली, हे या वाटेचे सूत्र आहे.

हा नियम मी पुस्तकात वाचला होता. त्याचा अर्थ मात्र मला माझ्या थोरल्या बंधूंनी शिकविला. दादा, त्यांची कन्या आणि मी असे तिघे निघालो होतो. निवृत्तीनंतरचा दादांचा हा एकच हट्ट होता. परतीच्या विमानाची तारीख जवळ आली होती, म्हणून दिंगबोचेची दुसरी रात्र गाळून एक दिवस वाचवावा, असे मीच सुचविले. आम्ही तसेच लोबुचेस गेलो. सायंकाळी दादांनी ताट बाजूला सारले. “भूक नाही,” एवढेच म्हणाले. डोके दुखत असल्याचे त्यांनी सांगितले नाही, आपल्यामुळे पोरीची सहल मोडेल या भयाने. रात्री त्यांना उलट्या झाल्या. पहाटे ते अंगणात आले तेव्हा पुतणी म्हणाली, “काका, बाबांची पावलं नीट पडत नाहीत.” मी पाहिले, सपाट जमिनीवर दादांचा तोल जात होता. आमच्या वाटाड्याने एक शब्दही न बोलता दादांची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि खालच्या वाटेकडे तोंड केले.

डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे आणि झोप न लागणे ही उंचीच्या विकाराची पहिली लक्षणे होत. ती असताना वर चढू नये. ती वाढल्यास खाली उतरावे. तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे किंवा बसल्या जागी धाप लागणे ही मात्र प्राणसंकटाची खूण समजावी. मेंदूस सूज आल्याचे किंवा फुप्फुसांत पाणी साचल्याचे ते लक्षण असू शकते. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. तात्काळ खाली उतरणे हाच पहिला उपाय, बाकी सारे त्यानंतर. वाटेत फेरिचे येथे हंगामात हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे उपचारकेंद्र चालते, हेही ध्यानात असू द्यावे. दादा उतरता उतरताच सावरले; नामचेस पोहोचल्यावर त्यांनी स्वतः वरणभात मागून घेतला, तेव्हा कोठे माझ्या जिवात जीव आला.

आता शरीराच्या तयारीविषयी. निघण्यापूर्वी दोन-तीन महिने रोज तासभर चालावे. जवळ डोंगर असल्यास दर रविवारी तो चढावा. नसल्यास इमारतीचा जिना आहेच. पाठीवर पाच-सहा किलोंचे ओझे घेऊन चढावे आणि उतरावेही, कारण गुडघ्यांची खरी परीक्षा उतारावर होते. हृदय, फुप्फुसे, रक्तदाब वा मधुमेह यांचा विकार असल्यास वैद्यकीय सल्ल्यावाचून निघू नये. ॲसिटाझोलामाइड हे औषधही डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. मद्य आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य समजाव्यात.

सामान थोडे घ्यावे. लुक्लाच्या लहान विमानात साधारण 15 किलोंचीच मुभा असते. बूट नवे कोरे नसावेत. महिना-दोन महिने वापरून पायांस सरावलेले असावेत. अंगाशी सुती कपडा नको, तो घामाने भिजून गार पडतो; लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा घ्यावा. त्यावर उबदार स्वेटर, पिसांचा कोट आणि सर्वांवर वारापाऊस अडविणारे जाकीट. कानटोपी, हातमोजे, काळा चष्मा, डोक्यास बांधावयाची विजेरी, पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या आणि पथारीसाठी उबदार झोळी विसरू नये. लॉजच्या खोल्या फळ्यांच्या व थंडगार असतात. ऊब असते ती जेवणघरातील शेगडीपाशी. झाडे संपली, की त्या शेगडीत याकच्या शेणाच्या गोवऱ्या जळतात.

जसजसे वर जावे तसतसा पदार्थांचा भाव चढतो. त्याबद्दल घासाघीस करू नये. तांदळाचा प्रत्येक दाणा कुणाच्या तरी पाठीवरून आलेला असतो. खोलीचे भाडे अल्प असते ते आपण तेथेच जेवाल या भरवशावर. आपण भारवाहक घेतलात, तर त्याच्या अंगावर पुरेसे उबदार कपडे व पायांत धड बूट आहेत ना, हे निघण्यापूर्वी आपल्या डोळ्यांनी पाहा. जनावरांचा तांडा समोरून आला, तर दरीकडे नव्हे, डोंगराच्या बाजूस उभे राहा. मंत्र कोरलेल्या शिळांच्या भिंती आपल्या उजव्या हातास ठेवून पुढे जावे, ही तेथील रीत आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते मे हे उत्तम दिवस. भारतीय नागरिकांस नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना मात्र वैध पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवे. धुक्यामुळे लुक्लाची विमाने कित्येकदा रद्द होतात. म्हणून जाऊन-येऊन बारा-तेरा दिवसांची चाल धरून वर तीन-चार दिवस मोकळे ठेवा. हे दिवस वाया जात नाहीत. आमच्यापाशी ते असते, तर दिंगबोचेची ती रात्र मी गाळली नसती.

दादांच्या बैठकीत आज तळछावणीचे चित्र नाही. तेंगबोचेच्या मठामागे आमा दब्लम शिखर उभे आहे, असे एक छायाचित्र आहे. पाहुण्यांनी विचारले, की दादा निःसंकोचपणे सांगतात, “येथून पुढे गेलो होतो, आणि येथे परत आलो.” वाचकहो, आपणही जरूर जा, आणि घरून निघताना, परत फिरावे लागले तर फिरू, एवढा निश्चय सर्वांनी मिळून करून निघा.