न्यू फॉरेस्टमधील एक पागा

विलायतेचीं प्रवासवर्णनें मराठींत थोडींथोडकीं नाहींत. लंडनचा जुना किल्ला, थेम्स नदीवरील पूल, ऑक्सफर्डचें विद्यापीठ, शेक्सपिअरचें जन्मगांव हीं स्थळें आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें केव्हांच उभीं राहिलीं आहेत. त्यांत माझी भर कशाला? मी येथें ज्या स्थळाविषयीं लिहिणार आहें, तें कोणत्याहि मार्गदर्शक पुस्तकांत सांपडावयाचें नाहीं. ती एक घोड्यांची पागा आहे, आणि तेथील मोतद्दार म्हणजे तेरा ते सोळा वर्षांचीं शाळकरी मुलें. त्यांतहि मुलीच अधिक.

माझा भाचा साउदॅम्प्टन येथें नोकरीस आहे. गेल्या वर्षीं उन्हाळ्याच्या अखेरीपासून ऑक्टोबर सरेपर्यंत मी व माझ्या वहिनी, म्हणजे भाच्याच्या मातोश्री, त्याच्याकडे राहून आलों. साउदॅम्प्टनच्या पश्चिमेस न्यू फॉरेस्ट हा मुलूख पसरलेला आहे. नांव ‘नवें अरण्य’. पण तें नवें नाहीं आणि धड अरण्यहि नाहीं. विल्यम दि काँकरर यानें १०७९ च्या सुमारास हा प्रदेश मृगयेसाठीं राखून ठेवला, म्हणजे त्याच्या नवेपणास साडेनऊशें वर्षें होत आलीं. ओक व बीच यांच्या राया तेथें आहेत खऱ्या. परंतु डोळ्यांत भरतो तो उघडा माळ, ऑगस्टांत जांभळ्या फुलोऱ्यानें झांकलेला. २००५ सालीं त्याचें राष्ट्रीय उद्यान झालें.

या माळावर हजारों तट्टें मोकळीं चरतात. गांवांतील रस्त्यांवर तीं खुशाल उभीं राहतात आणि मोटारी त्यांच्यासाठीं थांबतात. आपल्याकडे गाईंस जो मान आहे तो तेथें तट्टांस आहे, असें म्हटलें तरी चालेल. मात्र हीं जनावरें रानटी नव्हेत. प्रत्येकास धनी आहे. चराईचा पूर्वापार हक्क असलेलीं कुटुंबें तीं माळावर सोडतात, ‘व्हर्डरर’ नांवाचे जुन्या परंपरेचे पंच त्यांवर देखरेख ठेवतात, आणि या पंचांची सभा लिंडहर्स्ट येथें भरते. चराईची पट्टी भरली कीं त्याची खूण म्हणून तट्टाच्या शेपटीचे केंस ठराविक तऱ्हेनें कातरतात. पावती कागदावर न देतां शेपटीवर देण्याची ही युक्ति मला फारच पसंत पडली.

अशा या मुलखाच्या कडेस, एका वळणावळणाच्या गल्लीच्या टोकाशीं ती पागा आहे. लांबट विटांची इमारत, मध्यें फरसबंदी चौक, चौकाच्या तिन्ही बाजूंस अर्धीं दारें असलेलीं ठाणें, आणि त्या अर्ध्या दारांवरून बाहेर डोकावणारीं अठरा लांबट तोंडें. कुमैत, अबलख, पांढरीं, सर्व तऱ्हेचीं. मालकीणबाई साठीच्या पुढच्या. आवाज मोठा, बोलणें थोडें. घोडेस्वारी शिकविण्याचा त्यांचा धंदा. तिकडे अशा धंद्यास स्थानिक सरकारचा परवाना लागतो, तीन वर्षांखालील घोडा भाड्यानें देतां येत नाहीं, आणि जवळ आलेल्या गाभण घोडीवरहि कोणास बसवितां येत नाहीं. मुलांविषयींहि कायदा कडक आहे. सामान्यतः तेरा वर्षें पुरीं झाल्यावांचून मुलास कामावर ठेवतां येत नाहीं, आणि नफ्याच्या धंद्यांत केलेली बिनपगारी मदत हीहि १९३३ च्या कायद्याप्रमाणें नोकरीच समजली जाते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलानें शनिवारीं पांच तासांपेक्षां अधिक काम करावयाचें नाहीं. भाच्याच्या मुलीस मार्चमध्यें तेरावें पुरें झालें आणि त्यानंतर तिचे शनिवार सकाळीं नऊ ते दुपारीं एकपर्यंत पागेच्या नांवें लागले.

तेथील सकाळ मीं अनेकदां पाहिली. प्रथम पाणी. एक घोडा दिवसाकाठीं पंचवीस ते पन्नास लिटर पाणी पितो. बादल्या घासून भरतां भरतांच मुलांच्या बाह्या भिजून जात. मग ठाणांची सफाई. जनावर बाहेर बांधावयाचें, दाताळ्यानें लीद उचलावयाची, ओला पेंढा काढून कोरडा भिंतीकडे सारावयाचा, फरशी झाडावयाची, आणि एकचाकी गाडी भरून ती उकिरड्यावर रिती करावयाची. मोठा घोडा दिवसास सुमारें वीस किलो लीद टाकतो. अठरा जनावरांचा हिशेब वाचकांनींच करावा! भरलेली गाडी फळीवरून उकिरड्यावर चढवितांना ती कलंडली कीं सारें पुन्हां भरावें लागे. त्यावर कोणी रागवत नसे, आणि कोणी मदतीसहि येत नसे.

त्यानंतर खरारा. आधीं रबरी खराऱ्यानें गोल गोल फिरवून अंगांतील माती सुटी करावयाची, मग ताठ केंसांच्या कुंच्यानें ती झाडावयाची, आयाळ विंचरावयाची. खुरांची सफाई हें सर्वांत नाजूक काम. घोड्याच्या खांद्यापाशीं, त्याच्या शेपटीकडे तोंड करून उभें राहावयाचें, पायावरून हात खालीं नेत नेत त्यास पाय उचलावयास सुचवावयाचें, आणि लोखंडी आंकड्यानें टांचेकडून पुढें माती-खडे काढावयाचे. तळव्याच्या मध्यभागीं जो मऊ त्रिकोणी भाग असतो, तेथें आंकडा लागतां कामा नये. पांचशें किलोचें जनावर तेरा वर्षांच्या पोरीच्या मांडीशीं आपला पाय विश्वासानें सोपवून उभें असतें, हा देखावा प्रथम पाहणाराच्या छातींत धडकी भरविणारा आहे. दर सहा ते आठ आठवड्यांनीं नालबंद येतो. त्या दिवशीं मुलें त्याच्याभोंवतीं कोंडाळें करून बसतात.

आणि खाणें. घोड्याचें पोट त्याच्या देहाच्या मानानें लहान असून त्यास ओकारी होत नाहीं. त्यामुळें पोटांत गेलेली चूक परत फिरत नाहीं, आणि पोटशूळानें चांगला धडधाकट घोडा एका रात्रींत दगावूं शकतो. म्हणून चंदी थोडी व बेताची, वाळलें गवत मात्र दिवसभर. गाजर द्यावयाचें तर उभें चिरून. गोल चकत्या घशांत अडकतात. कुरणांत रॅगवर्ट नांवाचें पिवळ्या फुलांचें तण माजतें, तें घोड्याचें यकृत नासवितें. मुलें हातमोजे घालून तें मुळासकट उपटतात. हें सारें पाठ म्हणून घेतलेलें नव्हतें, तरी भाच्याची मुलगी तें मला असें सांगे कीं जणुं वैद्यकाची परीक्षाच देते आहे.

या सर्वांचा मोबदला काय? एक वाजतां अर्धा तास घोड्यावर बसावयास मिळतें. पाऊस असला तर तेंहि नाहीं.

वहिनींस हें मुळींच रुचलें नाहीं. “सात पिढ्यांत आपल्या घरीं कोणी लीद उचलली नाहीं,” त्या म्हणाल्या, “आणि ही एवढी शिकलेल्या बापाची लेक उकिरडा उपसते!” सूनबाई गप्प राहिल्या. भाचा वर्तमानपत्रांत शिरला. मुलगी हंसून म्हणाली, “आजी, लीद म्हणजे नुसतें चावलेलें गवत.” वहिनींचें नित्य महाभारतवाचन असतें, म्हणून मीं त्यांना विराटाच्या अश्वशाळेंत ग्रंथिक नांवानें राहिलेल्या नकुलाची आठवण दिली, द्रोणपर्वांतील जयद्रथवधाचा दिवसहि सांगितला. त्या दिवशीं भर रणांत रथ सोडून प्रत्यक्ष श्रीकृष्णांनीं घोड्यांच्या अंगांतील बाण उपटले, त्यांचीं अंगें चोळलीं आणि त्यांना पाणी पाजलें. वहिनींनीं शांतपणें उत्तर दिलें, “भगवंतांना गणिताची परीक्षा नव्हती.”

यावर मजपाशीं उत्तर नव्हतें, आणि त्यांच्या म्हणण्यांत तथ्य नव्हतें असेंहि नाहीं. हौसेचे श्रम आणि पोटाचे श्रम यांत अंतर असतें. माथेरानास दस्तुरी नाक्यावर उतरल्याबरोबर जे घोडेवाले भोंवतीं जमतात, त्यांच्यांत लगाम धरून लाल मातींतून मैलोगणती चालणारीं कोंवळीं पोरेंहि मीं पाहिलेलीं आहेत. त्यांनाहि घोड्याच्या पोटाची कळ कळते, खूर कळतो, तंग किती आंवळावा तें कळतें. किंबहुना त्या विलायती मुलांपेक्षां अधिक कळत असेल. पण त्यांच्या ज्ञानाचें कौतुक करण्यास कोणी आत्याआजी तेथें जात नाहीं. शनिवार संपला म्हणून त्यांना घरींहि जातां येत नाहीं.

या पागेंतील एक गोष्ट मात्र वहिनींनींहि नांवाजली. पंधरवड्यांतून एका दुपारीं तेथें अपंग मुलें घोड्यावर बसावयास येतात. इंग्लंडांत या कार्यासाठीं १९६९ पासून एक मोठी संस्था आहे आणि राजकन्या अ‍ॅन या तिच्या अध्यक्षा आहेत. घोडा संथ पावलांनीं चालूं लागला कीं स्वाराच्या कमरेस जी हालचाल मिळते ती माणसाच्या स्वतःच्या चालण्यासारखीच असते. त्यामुळें ज्यास चालतां येत नाहीं, त्याच्या स्नायूंस त्या हालचालीचा सराव होतो. डेन्मार्कच्या लिझ हार्टेल या बाईंस १९४४ सालीं पोलिओनें गांठलें. घोड्यावर चढण्या-उतरण्यासहि त्यांना आधार लागे. तरी १९५२ च्या हेलसिंकी येथील ऑलिंपिकांत पुरुषांच्या बरोबरीनें उतरून त्यांनीं रौप्यपदक मिळविलें, आणि तेव्हांपासून या विचारास जोर आला.

त्या दुपारीं एकजण लगाम धरतो आणि दोघे दोन्ही अंगांनीं चालतात. आमची मुलगी उजव्या अंगास होती. वर सहासात वर्षांचा एक मुलगा, मान सावरतां न येणारा. पहिल्या फेरीस तो रडला, दुसरीस गप्प झाला, तिसरीच्या वेळीं त्यानें आयाळींत बोटें खुपसलीं. तट्टू होतें सर्वांत म्हातारें, एकोणतीस वर्षांचें, दुधी रंगाचें. पोराचा तोल जरा कलला कीं तें आपण होऊन थांबे. तसें त्यास कोणीं शिकविलें नव्हतें म्हणतात. वहिनी कुंपणाशीं उभ्या राहून हें पाहत होत्या. दुसऱ्या शनिवारीं सकाळीं त्यांनीं न बोलतां चार गाजरें चिरून डब्यांत भरून दिलीं. उभीं चिरलेलीं होतीं!

ऑक्टोबरांत त्याच तट्टाची वेळ आली. दात झिजून गेले होते, भिजविलेला चारा तेवढा गिळे. पण खुरांच्या आंतील दाह बळावला आणि उभें राहणें कठीण झालें. पशुवैद्यानें दोनदां येऊन पाहिलें. मालकीणबाईंनीं मुलांस चौकांत बसवून जें होणार तें सरळ शब्दांत सांगितलें. मंगळवारीं वैद्य येईल, सुई देईल, त्याला कळणार नाहीं. ज्यांना सोमवारीं शाळा सुटल्यावर येऊन त्याला शेवटचा खरारा करावयाचा असेल त्यांनीं घरीं विचारून यावें. ज्यांना नको असेल त्यांनीं येऊं नये, त्यांत कमीपणा नाहीं.

घरीं आल्यावर मोठें वादळ झालें. वहिनी म्हणाल्या, “इतकीं वर्षें ज्यानें पाठीवर पोरें वाहिलीं, त्याला मारायचें? आपल्याकडे असतें तर पांजरपोळांत ठेवलें असतें.” मुंबईचा पांजरपोळ १८३४ सालचा आहे, त्या परंपरेंत वाढलेल्या कोणासहि हेंच वाटेल, आणि मलाहि वाटलें. मुलगी प्रथम कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, “आजी, तो रात्रभर पाय बदलत उभा असतो. तूं एकदां त्याचे डोळे पाहा. मग सांग.” वहिनींनीं डोळ्यांस पदर लावला, पण ‘हो’ म्हटलें नाहीं. या दोघींपैकीं कोणाची बाजू खरी, हें मला अद्यापि ठरवितां आलेलें नाहीं. ज्या देशांत मरण सोपें करून देतात तो देश निर्दय, कीं ज्या देशांत म्हातारें जनावर कुढत पडूं देतात तो? पांजरपोळांत तरी प्रत्येक जनावरास मऊ ठाण मिळतेंच असें कोठें आहे?

सोमवारीं सायंकाळीं भाचा तिला पागेंत घेऊन गेला. मी बरोबर होतें. वहिनी घरीं राहिल्या, मात्र गाजरांचा डबा त्यांनीं दिला होता. सहा मुलें आलीं होतीं. कोणी आयाळ विंचरीत होतें, कोणी खूर पुसत होतें. आमच्या मुलीनें शेपटीचे थोडे केंस कातरून दोऱ्यानें बांधून घेतले. मालकीणबाई दिवा धरून उभ्या होत्या. रडणें फारसें झालें नाहीं. सर्वांचे हात कामांत होते.

पुढल्या शनिवारीं तें ठाण धुऊन रिकामें ठेविलेलें होतें. आम्ही निघण्यापूर्वीं तेथें एक साडेतीन वर्षांची तपकिरी घोडी आली. एकचाकी गाडीचा आवाज झाला कीं ती बुजे. म्हणून गाडी दूर ठेवून, पाटी भरभरून लीद बाहेर नेण्याचें काम मुलींनीं आपसांत वांटून घेतलें.

तिकडे जाण्याचा ज्यांस योग येईल त्यांच्यासाठीं एकदोन व्यावहारिक गोष्टी. माळावरील तट्टांस खाऊं घालण्यास २०२३ पासून मनाई असून ती मोडणारास दंड होतो. तेव्हां दुरूनच पाहावें, शिंगरूं असेल तर अधिकच दुरून. पागा पाहावयाची असल्यास आधीं दूरध्वनीनें विचारावें आणि जोडे जुने घालावेत. शनिवारीं सकाळीं गेल्यास हातांत दाताळें मिळण्याचा संभव आहे.