कोरा कागद

मी आपल्या शाळेत सातवीत असताना बाहेरून काही अभ्यासक प्रश्नावली घेऊन आले होते. सभागृहात आम्हांला ओळीने बसविले गेले. ‘घरची आठवण येते का?’ या प्रश्नापुढे मी ‘नाही’वर खूण केली. आदल्याच रात्री मी आईसाठी रडलो होतो.

पुढे मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात लघुप्रबंधासाठी मी किशोरवयीनांचा एकाकीपणा हा विषय घेतला. उल्हासनगरातील मित्रांच्या धाकट्या भावंडांकडून दोन दिवसांत प्रश्नावल्या भरून घेतल्या. मार्गदर्शक बाईंनी त्या चाळून विचारले, “अंबरनाथला पाळीत काम करणाऱ्यांची मुले कुठे आहेत? बदलापूरपलीकडच्या पाड्यांतून वसतिगृहात आलेली कुठे?”

सोयीने मिळालेल्यांवरून साऱ्यांविषयी बोलण्याची ही खोड माझ्यापुरती नव्हती. जोसेफ हेनरिक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१० साली याच दोषाकडे लक्ष वेधले होते. नामवंत मानसशास्त्रीय नियतकालिकांतील संशोधनांत सहभागी झालेल्यांपैकी ९६ टक्के लोक पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले होते. त्या देशांत जगाची लोकसंख्या जेमतेम १२ टक्के.

मग तिन्ही शहरांतील शाळांच्या हजेरीपटांवरून चिठ्ठ्या टाकून नावे काढली, पालकांच्या संमत्या मिळविल्या. एका वसतिगृहाचे अधीक्षक आपुलकीने म्हणाले, “काळजी नको, मी सांगितले की सगळी बसतील.” माझ्या पोटात कालवले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे पालकांच्या संमतीसोबत मुलाचाही होकार मागतात. मुलांना मी तसे समजावून सांगितले. एकाने हळूच विचारले, “नको म्हटलं तर सरांना कळेल का?”

त्या प्रश्नाने माझी पद्धत बदलली. अधीक्षकांना बाहेर थांबण्याची विनंती केली. प्रत्येकाला कागद दिला. ज्याची इच्छा नसेल त्याने तो कोराच घडी घालून पेटीत टाकावा, असे सांगितले. कोणी नकार दिला, हे कोणालाच कळणार नव्हते.

आपण रोज वंदनेत धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हणत आलो: ये आणि स्वतः पाहा. त्यात बोलावणे आहे, ओढून नेणे नाही. निवड करणाऱ्याने हे विसरता कामा नये, कारण धाकापोटी दिलेले उत्तर खोटेही असू शकते.

पेटीत काही कागद कोरे निघाले. त्यांची संख्या मी लघुप्रबंधात प्रामाणिकपणे नोंदविली. सातवीत मला असा कोरा कागद देता आला असता, तर ते ‘नाही’ माझ्या हातून उमटले नसते.