सरासरी दोन लाडू

गणिताचे आणि माझे संबंध शाळेपासूनच ताणलेले. त्यामुळे सातवीतल्या पुतण्याने, "काका, सरासरी म्हणजे काय हो?" असे विचारताच मी आधी चष्मा शोधू लागलो. तो नाकावरच होता.

"बेरीज करायची आणि भागायचं."

"ते पुस्तकात आहे. पण म्हणजे काय?"

आता आली का पंचाईत! मी बेसनाच्या लाडवांचा डबा ओढला. सकाळपासून मी पाच खाल्ले होते, पुतण्याने तीन, दादा-वहिनींनी एकेक, आणि लाडू वळणाऱ्या आईने शून्य. एकूण दहा, माणसे पाच. "सगळे गोळा करून सारखे वाटले, तर प्रत्येकी दोन. ही सरासरी!"

"पण दोन तर कुणीच खाल्ले नाहीत! आणि आजीला कशाला मोजायचं?"

"शून्यही मोजावंच लागतं, बाबा. १९४८ साली शेवटच्या कसोटी डावात ब्रॅडमन शून्यावर गेला आणि शंभरीपलीकडची सरासरी ९९.९४ वर आली."

त्याने बोटे मोजली. "तुमचे तीन जास्त, माझा एक. आजीचे दोन कमी, आईबाबांचा एकेक. जुळलं की! आजी, तुझे दोन्ही काकांनी खाल्ले!"

मी ओशाळून डब्यातला उरलेला एकुलता लाडू आईपुढे धरला. तिने अर्धा मोडून नातवाच्या हातावर ठेवला.

"आता सरासरी दोन पूर्णांक दोन दशांश," तो तोंड भरून म्हणाला, "कुणीही खाल्ला तरी तेवढीच!"

आईने उरलेला अर्धा माझ्याकडे सरकवला.