गुलमंडीचा बोळ आणि आपली वस्ती

पैठण गेटवरून टिळक पथाने चालत आलो की गुलमंडी लागते. लग्नाचा बस्ता बांधायला खेड्यापाड्यांतली माणसे इथे येतात. परवा आम्ही उभयताही पुतणीच्या लग्नाच्या बस्त्यासाठी गेलो होतो. सोबत कॉलेजात शिकणारा भाचा होता.

दुकानदाराने शिंप्याचा पत्ता सांगितला : सुपारी हनुमानापासून रंगारगल्लीकडे वळा, मग कोणालाही विचारा. गुलमंडीचे पत्ते असेच. इथल्याला कळतात, परक्याला नाही. शिंपी एका अरुंद बोळात सापडला. भाच्याने मोबाईल पाहिला आणि म्हणाला, "मामा, हा बोळ नकाशात नाही. रात्री टाकतो."

आम्हाला नवल वाटले. नकाशा काढणे सरकारचे काम, अशी आमची समजूत. चहा घेता घेता त्याने समजावले. 'ओपन स्ट्रीट मॅप' हा नकाशा 2004 साली इंग्लंडमध्ये सुरू झाला. तो सामान्य माणसे काढतात आणि कोणालाही फुकट वापरता येतो. जानेवारी 2010 मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा तिथल्या राजधानीचा धड नकाशा नव्हता. देशोदेशीच्या शेकडो लोकांनी घरी बसून, उपग्रहाची छायाचित्रे पाहून रस्ते आणि घरे रेखाटली. 2015 च्या नेपाळच्या भूकंपात हजारोंनी हेच केले. काम शिस्तीचे : मुलखाचे चौकोन पाडायचे, एकेकाने एकेक घ्यायचा, एकाचे काम दुसऱ्याने तपासायचे.

आकाशातून घर दिसते, नाव दिसत नाही. ते तिथल्याच माणसाने सांगावे लागते. जुनी नावेही नोंदता येतात. आपल्याच शहराचे पाहा : खडकी, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर. म्हातारी माणसे एक नाव घेतात, मदतीला येणारा दुसरे.

ऐकताना आम्हाला किल्लारीची 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आठवली. माळीणही आठवले. 30 जुलै 2014 रोजी तिथे दरड कोसळली. गाव जागेवर नाही, हे एसटीच्या चालकाने पाहिले, तेव्हा बाहेर कळले.

आम्ही भाच्याला म्हणालो, "आपली वस्ती दाखव." मोठा रस्ता होता, शाळा होती. पुढे नुसती मोकळी जागा. घरे, विहार, हातपंप, काहीच नाही. त्याची मामी म्हणाली, "अरे, पाणी शिरले तर आपल्याला शोधतील कुठे?"

रविवारी पोरे विहारात जमली. कोणती गल्ली कोणत्या नावाची, नाला कुठे तुंबतो, रुग्णवाहिका कुठवर येते, हे आजीबाईंनी सांगितले आणि पोरांनी टिपले. कोणाचे नाव वा फोन मात्र लिहिला नाही.

नकाशात आलो म्हणजे मदत येईलच असे नाही. पण वस्ती सापडली नाही, ही सबब कोणाला सांगता येणार नाही. वाचकहो, आज घरच्या मुलाला एवढेच विचारा : आपले घर नकाशात आहे का?