स्वस्त चहाचे भांडण

माणसाला राग कशाचा येईल याचा काही नेम नाही. वस्तू महागली म्हणून माणसे चिडली, रस्त्यावर आली, हे आपण समजू शकतो. पण वस्तू स्वस्त झाली म्हणून कोणी संतापल्याचे तुम्ही कधी ऐकले आहे? अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या इतिहासात असा एक राग आहे, आणि त्या साऱ्या इतिहासात मला तोच फार आवडतो.

१६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बॉस्टन बंदरातल्या तीन गलबतांवर काही मंडळी चढली आणि चहाच्या ३४२ पेट्या फोडून त्यांनी समुद्रात रिकाम्या केल्या. पुष्कळांची समजूत अशी असते, की इंग्रज सरकारने चहावर जबर कर बसवला, चहा परवडेना, म्हणून हे घडले. खरी हकीकत अगदी उलटी आहे. त्याच वर्षी पार्लमेंटने केलेल्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीला आपला चहा थेट अमेरिकेत नेऊन विकण्याची मुभा मिळाली होती आणि इंग्लंडात भरावी लागणारी जकातही माफ झाली होती. चहा पूर्वीपेक्षा स्वस्त मिळणार होता. उरला होता तो पौंडामागे तीन पेन्सांचा जुना कर.

ही कंपनी म्हणजे आपल्या ओळखीचीच बरे का! १७६५ साली तिने बंगालची दिवाणी मिळवली. १७७० च्या दुष्काळात तिथली लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. आणि एवढा मुलूख हाती असूनही १७७२ मध्ये ही कंपनी कर्जासाठी सरकारच्या दारात उभी होती. लंडनच्या वखारींत तिचा दीड कोटी पौंडांहून अधिक चिनी चहा पडून होता. तो अमेरिकेत खपवायचा, म्हणजे कंपनीही सावरेल आणि स्वस्ताईच्या मोहाने वसाहतवाले तीन पेन्सही मुकाट्याने देतील, असा हा दुहेरी बेत होता.

मग तो फसला का? चोरून चहा आणणाऱ्या व्यापाऱ्यांच्या पोटावर पाय येणार होता, हे खरे. पण तेवढ्याने सारा गाव बंदरावर लोटत नाही. मला याचे उत्तर इतिहासाच्या पुस्तकापेक्षा आमच्या आजीने अधिक नीट समजावले, आणि तेही बॉस्टनचे नाव न ऐकता.

आमच्या जुन्या घरी कोठीच्या किल्ल्या आजीच्या कमरेला असत. एका वर्षी थोरल्या काकांनी कोणालाच न विचारता वर्षाचा तांदूळ घेतला. चांगला होता, नेहमीपेक्षा स्वस्तही होता. पोती ओटीवर येऊन पडली. आजीने कोठी उघडलीच नाही.

"अगं आई, पैसे वाचले ना!" काका म्हणाले.

"वाचले, ते दिसतंय मला," आजी म्हणाली. "पण किल्ल्या कुणाकडे आहेत ते एकदा सांग."

चार दिवस पोती ओटीवरच राहिली.

अमेरिकेतल्या वसाहतींचेही भांडण किल्ल्यांचेच होते. व्हर्जिनियात लोकांनी निवडलेली सभा १६१९ मध्येच भरली होती. पुढे एकेका वसाहतीची आपली सभा झाली. आपला कर आपण ठरवायचा, गव्हर्नरचा पगारही बहुतेक ठिकाणी आपणच मंजूर करायचा, ही त्यांची वहिवाट होती. इंग्लंड तीन हजार मैल दूर होते आणि फारसे लक्षही घालीत नव्हते. दीडशे वर्षांची वहिवाट म्हणजे माणसाला हक्कच वाटतो.

फ्रान्सशी झालेले सात वर्षांचे युद्ध १७६३ मध्ये संपले, तेव्हा इंग्लंडचे कर्ज जवळजवळ दुप्पट झाले होते. लंडनच्या मुत्सद्द्यांचे म्हणणे वरवर पाहता वाजवीच होते: युद्ध तुमच्याही रक्षणासाठी झाले, सैन्य तुमच्याकडे ठेवायचे, तर थोडा भार तुम्हीही उचला. म्हणून १७६५ मध्ये स्टँपचा कायदा आला. कोर्टाचे कागद, वर्तमानपत्रे, पंचांगे, एवढेच काय, पत्त्यांच्या जोडावरसुद्धा कर! वसाहतवाल्यांनी विचारले, ज्या पार्लमेंटात आमचा एकही माणूस नाही, तिने आमच्या खिशात हात कसा घालावा? एवढा गदारोळ झाला, की वर्षभरात कायदा मागे घ्यावा लागला. पण त्याच दिवशी पार्लमेंटने दुसरा ठराव करून ठेवला, की वसाहतींवर वाटेल तो कायदा लादण्याचा आपला अधिकार कायम आहे. पुढे काच, कागद, रंग यांवर कर बसले आणि १७७० मध्ये उठलेही. चहावरचा तेवढा मुद्दाम ठेवला. तीन पेन्स पैशासाठी नव्हतेच. ते अधिकाराची खूण म्हणून होते. आणि नेमके हेच समोरच्यालाही कळले होते.

इथेही समेट झाला असता. पण १७७४ मध्ये सरकारने चहाची भरपाई होईपर्यंत बॉस्टन बंदर बंद केले आणि मॅसॅच्युसेट्सची सनदच बदलून टाकली. शिक्षा एकाला, धसका साऱ्यांना! इतर वसाहतींनी बॉस्टनला धान्य पाठवले आणि त्यांचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात एकत्र आले. १७७५ मध्ये रक्त सांडल्यावरही त्यांनी राजाकडे विनंतीअर्ज धाडला. राजाने तो घेतलाही नाही. १७७६ च्या जानेवारीत टॉमस पेनने राजाच मुळात कशाला हवा, असा रोकडा सवाल टाकला, आणि ४ जुलैला स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. बंड करायला कोणी निघाले नव्हते. इंग्रजाचा हक्क मागता मागता इंग्रजपणच सुटले.

एवढे सांगून थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण पुरी होणार नाही. आमच्या त्याच आजीने माझ्या आईला, आज भाजी कोणती करावी, हे जन्मात कधी विचारले नाही. किल्ल्यांचा मान जाणणाऱ्या बाईला, सुनेलाही मत असेल, हे सुचले नाही. त्या वसाहतींत सुमारे पंचवीस लाख माणसे होती आणि त्यांतली पाचेक लाख गुलाम होती. सर्व माणसे समान आहेत, असे जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या जेफरसनच्या घरीही गुलाम राबत होते. त्यांना कोणी काहीच विचारले नव्हते.

पण शब्द एकदा बाहेर पडला, की तो उच्चारणाऱ्याच्या मालकीचा राहत नाही. त्याच शब्दांच्या आधाराने पुढे गुलामगिरीविरुद्ध लढा उभा राहिला आणि १८६५ मध्ये ती कायद्याने संपली. पेनचे 'राइट्स ऑफ मॅन' इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी तरुणपणी वाचले. अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांना मुक्त केले, त्यांना जोतीरावांनी आपली 'गुलामगिरी' अर्पण केली. साल होते १८७३. बॉस्टनच्या चहाला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती.

स्वस्ताईने गप्प बसणारी माणसे पुष्कळ असतात. जग त्यांच्या जिवावर सुखाने चालते. पण "आम्हांला विचारले का?" असे म्हणणारे एखादे माणूस निघाले, की मोठमोठ्या सरकारांची झोप उडते. हा प्रश्न आपण वरच्याला मोठ्या तावातावाने विचारतो. तोच आपल्याला खालून कोणी विचारला, तर आपण कोठीचे दार उघडतो की किल्ल्या घट्ट धरतो, एवढे ज्याने त्याने आपापल्या घरी पाहावे.