जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर

माझ्या डेस्कटॉपमध्ये इंटेलचा कोअर आय-थ्री २१०० आहे, २०११चा. दोन कोअर, ३.१ गिगाहर्ट्झ. भाचा म्हणतो, "मामा, हा काढा आणि आय-सेव्हन ३७७० टाका. लॅमिंग्टन रोडला सेकंडहँड मिळेल, तुमच्याच बोर्डवर बसेल." बसेल हे खरंच. २०१२चा ३७७० त्याच एलजीए ११५५ सॉकेटचा. चार कोअर, आठ थ्रेड. माझ्या एच-६१ बोर्डाचा बायोस तेवढा आधी अपडेट करायचा, तोही जुना प्रोसेसर जागेवर असताना. नाहीतर बोर्ड नव्याला ओळखणारच नाही.

मशीन चालू केल्यावर ब्राउझर उघडेपर्यंत चहा करून होतो. अशा वेळी प्रोसेसर थकला असं कुणालाही वाटेल. टास्क मॅनेजर मात्र वेगळंच दाखवतो: सीपीयू निवांत, आणि डिस्क शंभर टक्क्यांवर खिळलेली. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवरची एखादी नोंद गाठायला दहाएक मिलिसेकंद जातात, आणि तेवढ्यात या म्हाताऱ्या प्रोसेसरचे तीन कोटी ठोके होऊन जातात. गोदामातून माल यायचा खोळंबलाय आणि आपण गल्ल्यावरचा शेठ बदलायला निघालोय! एसएसडी लावली की बोर्डाची सॅटा जोडणी जुनी, सेकंदाला ३ गिगाबिटची असली तरी हा शोधाशोधीचा वेळ वाचतो.

फोनवरचे एचईव्हीसी व्हिडिओ अडखळतात, ते दुखणं प्रोसेसरचंच. पण त्यांची खास सोय ३७७०मध्येही नाही. तो नुसत्या ताकदीवर ओढून नेईल.

भाच्याला हा उपाय इतका सहज का सुचतो, तेही कळतं. त्याचा बोर्ड एएमडीच्या एएम-फोर सॉकेटचा, २०१७चा. २०२२मध्ये कंपनीने त्या जुन्या बोर्डांनाही रायझन ५०००ची अधिकृत मुभा दिली. बोर्ड तोच ठेवून प्रोसेसर बदलत राहायचं, या सवयीत तो वाढला. आमच्या ११५५चं दार दोन पिढ्यांतच बंद झालं. २०१३मध्ये इंटेलने पुढच्या प्रोसेसरसाठी ११५० सॉकेट आणला. पूर्वीच्यापेक्षा आकडा लहान, आणि जुनं काही त्यात बसत नाही. या हिशेबाला काय म्हणावं?

खरी अडचण मात्र वेगाची नाहीच. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० हवं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर हवा. ३७७० तिसऱ्या पिढीतला. म्हणजे पैसे खर्चूनही मी त्या दारात आजच्याइतकाच बाहेर. कारण सुरक्षेचं सांगतात. ते पोकळ नाही. पण माझ्यासारख्या लेख टंकणाऱ्याचं धडधाकट मशीन त्यापायी भंगारात काढणं मला पटत नाही.

तेव्हा एसएसडी आणि लिनक्स मिंट. मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक तिथेही आहे. घोडं अडतं ते युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत टंकलेल्या लेखांशी: त्यांचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, आणि फॉन्ट नसला की अक्षरांच्या जागी नुसती चिन्हं उमटतात. म्हणून जुनी हार्ड डिस्क विंडोज १०सकट कॅबिनेटमध्येच राहील, इंटरनेटविना. एकेक लेख युनिकोडमध्ये उतरवून घ्यायचा आहे. त्या कामाला आय-थ्री पुरेल.